मूस कोणती घ्यावी : एक प्रस्तावना

पातळ थरांच्या तंत्रावरच्या जाडजूड ग्रंथांत पंपांना प्रकरणं मिळतात, गेजांना मिळतात, थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टललाही मिळतात. मुशीच्या वाट्याला बहुधा एक कोष्टक येतं. डावीकडे पदार्थाचं नाव, उजवीकडे ‘टंगस्टन, मॉलिब्डेनम, अल्युमिना’ अशी दोन-तीन नावं आणि शेऱ्याच्या रकान्यात एखादा तुटक शब्द : ‘मिश्रधातू होतो’, ‘उडतो’, ‘ओलावतो’. कोष्टक चुकीचं नसतं. पण ते पाहून मूस उचलणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा ऑपरेटरला त्यामागचं कारण कळत नाही, आणि कारण माहीत नसलं की कोष्टकात नसलेला पदार्थ समोर येताच गाडी अडते. पुढची पानं त्या शेऱ्याच्या रकान्याबद्दल आहेत.

इंग्रजीत या विषयावर चांगली पुस्तकं आहेत. हॉलंड यांचं १९५६ चं, पुढे आयआयटी दिल्लीत दीर्घकाळ काम केलेले के. एल. चोप्रा यांचं १९६९ चं ‘थिन फिल्म फिनॉमिना’, मेसेल आणि ग्लँग यांनी संपादित केलेलं १९७० चं हँडबुक. ती जुनी झाली तरी शिळी झालेली नाहीत. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यात गाडीच्या दिव्यांच्या रिफ्लेक्टरवर अल्युमिनियम चढवणारा मुलगा किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापुरात कोटिंग युनिटसमोर रात्र काढणारी मुलगी आपसात बोलतात ते मराठीतच. बोट, चार्ज, शटर, डिमरस्टॅट हे शब्द त्या मराठीतलेच झाले आहेत. त्याच बोलीत लिहायचं ठरवलं आणि प्रतिशब्दांच्या फंदात पडलो नाही.

ज्यांनी कोटिंग युनिट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेचा बेल जार किंवा स्टीलचा चेंबर असतो. त्यातली हवा रोटरी आणि डिफ्यूजन पंपांनी ओढून दाब एका टॉरच्या एक लाखाव्या भागापर्यंत आणतात. बाहेर वातावरणाचा दाब ७६० टॉर असतो. एवढ्या विरळ हवेत एखादा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी पाच मीटर धावतो, म्हणजे खालून सुटलेला अणू अर्ध्या मीटरवरच्या काचेपर्यंत वाटेत कोणाला न धडकता सरळ पोचतो. खाली दोन जाड तांब्याच्या इलेक्ट्रोडांमध्ये धातूच्या पत्र्याची बोट घट्ट आवळलेली असते. तिच्यातून काही व्होल्टला शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह सोडला की ती लाल होते, मग पांढरी, आणि तिच्यात ठेवलेला चार्ज, म्हणजे उडवायचा पदार्थ, वितळून वाफेच्या रूपाने निघून जातो. थर बरा वेगाने चढायला हवा असेल तर पदार्थाचा बाष्पदाब एका टॉरच्या शंभराव्या भागाच्या आसपास लागतो. त्यासाठी चांदी सुमारे १०३० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते, अल्युमिनियम १२२० पर्यंत, सोनं १४०० पर्यंत, निकेल १५३० च्या घरात आणि प्लॅटिनम थेट २१०० पर्यंत. जस्ताला मात्र ३४५ पुरतात. म्हणून पितळेचा एखादा स्क्रू चुकून बोटीजवळ राहिला तर सगळा चेंबर जस्ताने माखतो.

या सगळ्या यंत्रात चार्जला प्रत्यक्ष शिवणारी वस्तू एकच, ती म्हणजे मूस. आणि चेंबरमधली सर्वांत तापलेली जागाही तीच. मग ती बोट असो, तारेची कॉइल असो, तारेच्या टोपलीत बसवलेली अल्युमिनाची वाटी असो की इलेक्ट्रॉन बीमच्या तांब्याच्या खोबणीत बसवलेला लायनर असो. पुढे या सगळ्यांना मी सोयीने मूसच म्हटलं आहे.

विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही मूस किती तापमान सोसते? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावर निवड होत नाही. तशी होत असती तर टंगस्टनखेरीज दुसरं काही विकत घ्यावंच लागलं नसतं. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, टँटलम ३०१७ ला, मॉलिब्डेनम २६२३ ला; सोन्याला लागणाऱ्या १४०० अंशांपुढे तिघेही निवांत आहेत. तरीही सोनं टंगस्टन आणि मॉलिब्डेनमच्या बोटीत गुण्यागोविंदाने राहतं आणि टँटलमच्या बोटीला खाऊन टाकतं. मॉलिब्डेनमपेक्षा चारशे अंश जास्त सोसणारा टँटलम इथे हरतो, कारण वितळलेलं सोनं टँटलमशी मिसळून नवीन संयुगं तयार करतं. निकेल, लोह आणि कोबाल्ट तर तिन्ही धातूंना सोडत नाहीत. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ते पितळ कच्चं असतं म्हणून नव्हे; त्या दोघांचं जमत नाही म्हणून. भांड्याला कल्हई केली की तेच ताक सुखाने राहतं. टंगस्टनच्या बोटीवर अल्युमिनाचा थर फवारून निकेलसाठी वापरतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

कॅटलॉगमधला ‘कमाल तापमान’ हा आकडा मला म्हणूनच थोडा खोडसाळ वाटतो. तो रिकाम्या मुशीचा असतो, आणि बऱ्याचदा निर्वातातला नसून निष्क्रिय वायूतला असतो. ग्रॅफाइट आरगॉनमध्ये ३००० अंशांची भट्टी सांभाळतं, पण निर्वातात त्याच्या बरंच आधी त्याची स्वतःचीच वाफ होऊ लागते. बोरॉन नायट्राइडचंही तसंच. निर्वातात फार तापवलं की नायट्रोजन सुटू लागतो आणि मागे बोरॉन राहतो. मुशीचं तापमान चार्जसकट आणि निर्वातात किती, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर मूस आणि चार्ज या जोडीपुरतंच मिळतं, एकट्या मुशीचं मिळत नाही.

या जोडीचा सगळ्यांत बोलका नमुना अल्युमिनियम आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं रेंगाळू.

धातूचे पातळ थर बनवण्याचे प्रयोग बरेच जुने आहेत. फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या तारा विजेच्या झटक्याने उडवून सोन्याचे पातळ थर मिळवले होते. पोल आणि प्रिंग्सहाइम या जर्मन शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये मॅग्नेशियाच्या मुशीतून धातूंचं निर्वातात ऊर्ध्वपातन करून आरसे केले. पण अल्युमिनियम बराच काळ कोणाला दाद देत नव्हतं. दुर्बिणींचे आरसे तोवर रासायनिक पद्धतीने चांदीचे करत. ती चांदी दर काही महिन्यांनी काळवंडे आणि पुन्हा चढवावी लागे. अल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडची पारदर्शक साल धरते आणि आरसा वर्षानुवर्षं टिकतो, शिवाय अतिनील प्रकाशही तो परावर्तित करतो. हे सगळं माहीत असूनही घोडं पेंड खात होतं ते मुशीपाशी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेकच्या जॉन स्ट्राँग यांनी टंगस्टनच्या जाड तारेच्या कॉइली वापरून ते साधलं, आणि १९३५ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर अल्युमिनियम चढलं. तमिळनाडूत कावलूरला वेणु बाप्पू वेधशाळेत २.३४ मीटरच्या आरशासाठी अल्युमिनियम चढवण्याची यंत्रणा जागेवरच बसवलेली आहे, ती याच वाटेवरची.

स्ट्राँग यांची युक्ती काय होती ते कॉइल तापताना पाहिलं की कळतं. टंगस्टनच्या तीनपदरी तारेची कॉइल घ्यायची आणि प्रत्येक वेटोळ्यावर अल्युमिनियमच्या तारेचा वाकवलेला तुकडा अडकवायचा. गडद काच धरून खिडकीतून बघत प्रवाह वाढवणारा डिमरस्टॅट हळूहळू फिरवायचा. कॉइल आधी मंद लाल होते, मग नारिंगी. ६६० अंशांना अल्युमिनियम वितळतं, पण लगेच काही घडत नाही. अंगावरच्या ऑक्साइडच्या सालीत वितळलेला धातू अडकून लोंबत राहतो. आणखी तापलं की साल फाटते आणि चकचकीत धातू एका झटक्यात तारेच्या तीन पदरांमधल्या फटीत ओढला जाऊन वेटोळ्यावर पसरतो. तेवढ्या जागी कॉइल क्षणभर काळपट दिसते, कारण तिथे प्रवाहाचा बराच भाग अल्युमिनियममधून जाऊ लागतो. थोड्या वेळात तोही भाग उजळतो. वाफ सुरू झाली ती तेव्हा. शटर त्यानंतर उघडायचं. सालीचा मळ आणि पहिल्या क्षणी सुटलेला गॅस आरशावर जाऊ द्यायचा नाही.

तारेला असं भिजवणं ही अल्युमिनियमची मेहेरबानीही आहे आणि खोडीही. भिजवतं म्हणून ते खाली टपकत नाही, मोठ्या पृष्ठभागावरून वाफ होते, उष्णता नीट पोचते. पण भिजवतं तेव्हाच ते टंगस्टन विरघळवत असतं. बारीक तार घेतली तर काही फेऱ्यांतच ती कुठेतरी कृश होते. जिथे कृश तिथे रोध जास्त, म्हणून तीच जागा अधिक तापते आणि अधिक झिजते, आणि ऐन कोटिंगमध्ये कॉइल तुटते. म्हणून तार जाड घ्यायची. चार्ज बेताचा घ्यायचा, आणि तो पूर्ण उडवायचा. उरलेला चार्ज निवताना टंगस्टनशी झालेलं ठिसूळ मिश्रण तारेवर ठेवून जातो. त्यात टंगस्टन एकदा १२००-१५०० अंशांच्या वर गेला की त्याचे कण मोठे होतात आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा कडकन मोडतो. नवी कॉइल जरा वाकवून जुळवता येते. वापरलेली वाकवायला गेलात तर हातात दोन तुकडे येतील.

रिफ्लेक्टरच्या बॅचला कॉइल चालते. वेफर्सच्या पाकिटासाठी लागणारी चंदेरी फिल्म किलोमीटरच्या हिशेबात बनते, तिथे ती चालत नाही. तिथे टायटॅनियम डायबोराइड आणि बोरॉन नायट्राइड यांच्या मिश्रणाच्या, साधारण निम्म्या-निम्म्या प्रमाणाच्या दांडक्यासारख्या बोटी ओळीने मांडलेल्या असतात. डायबोराइड वीज वाहून नेतं आणि अल्युमिनियमला पसरू देतं. नायट्राइड रोध पुरवतं आणि मिश्रणाला घडवण्याजोगं मऊ ठेवतं. वरून अल्युमिनियमची तार रिळावरून सतत बोटीत उतरत असते, ती टेकताच वितळते, पसरते, उडते. बोटीच्या खोबणीत वितळलेल्या धातूचं डबकं कुठवर पसरलं आहे हे बघून अनुभवी ऑपरेटर तारेचा वेग आणि प्रवाह जुळवतो. डबकं कडेपर्यंत गेलं तर धातू इलेक्ट्रोडच्या क्लॅम्पपाशी पोचतो. आखडलं तर बोट एकाच जागी खणली जाते. कुठे थेंब उडाला तर फिल्मला बारीक भोक, आणि त्या भोकातून पुढे ओल आत जाते. मूस काही तासांनी बदलायचीच हे इथे गृहीत आहे. ती टिकवण्यापेक्षा ती सगळीकडून सारखी झिजावी याची काळजी जास्त.

आता ग्रॅफाइट. स्वस्त, घडवायला सोपं, उष्णतेच्या झटक्याला न डरणारं. अल्युमिनियम त्यात वितळवलं की अल्युमिनियम कार्बाइड बनतं, पिवळसर रंगाचं. चेंबरमध्ये असेतोवर फारसं जाणवत नाही. पण चेंबर उघडून लायनर टेबलावर ठेवा, आणि महिना जुलैचा असू द्या. कार्बाइड हवेतली ओल घेऊन अल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मिथेन यांत बदलतं, फुगतं, आणि काही दिवसांत लायनरची आतली बाजू भुसभुशीत होऊन गळू लागते. कोकणात किंवा मुंबईत हे लवकर दिसतं, उन्हाळ्यात विदर्भात उशिरा. ही मूस भट्टीत शाबूत राहिली आणि कपाटात मेली. अल्युमिनियमसाठी ग्रॅफाइट वापरायचंच असेल तर लायनर डेसिकेटरमध्ये किंवा निर्वातातच ठेवावा, आणि तो फार काळ टिकेल अशी आशा धरू नये.

अल्युमिनाच्या मुशीत अल्युमिनियम चालेल असं वाटणं साहजिक आहे. दोघांचं घरचंच नातं. कमी तापमानाला चालतंही. पण बाष्पीभवनाच्या तापमानाला वितळलेलं अल्युमिनियम मुशीतल्या ऑक्साइडशी मिळून कमी ऑक्सिजनचं, वायुरूप ऑक्साइड तयार करतं. ते चार्जच्या वाफेबरोबर थेट थरात जातं आणि मूस आतून खाल्ली जाते.

राहता राहिलं पायरोलिटिक बोरॉन नायट्राइड, पीबीएन. बोरॉन ट्रायक्लोराइड आणि अमोनिया यांच्या वायूंतून, सुमारे १८०० ते १९०० अंशांवर, साच्यावर थरावर थर बसवत ही मूस वाढवतात. शुद्धतेत तिला तोड नाही आणि किमतीत साध्या बोटीच्या कित्येक पट. अल्युमिनियम तिला फारसं खात नाही. मात्र ते भिंतीवरून वर चढतं, काठ ओलांडतं, आणि बाहेरच्या हीटरच्या तारांपर्यंत पोचलं तर हीटरच जातो. खरं संकट त्याच्याही पुढे आहे. काम संपतं, प्रवाह बंद होतो, भिंतीला चिकटलेलं अल्युमिनियम गोठू लागतं. अल्युमिनियम प्रत्येक अंशामागे पीबीएनच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, आणि गोठताना वेगळं सहा-सात टक्के आकसतं. आकसताना ते आतला थर सोबत ओढतं. थरांनी बनलेली भिंत पापुद्र्यांत सुटते किंवा मूस सरळ तडकते. बारीक तडा बाहेरून दिसतही नाही. पुढच्या खेपेला त्यातून धातू पाझरतो तेव्हा कळतं. म्हणून अल्युमिनियमसाठी मूस उतरत्या भिंतींची, वर रुंद खाली अरुंद घेतात, म्हणजे गोठणारा गोळा वर सरकू शकतो. चार्ज कमी भरतात. आणि गोठण्याच्या तापमानाच्या आसपास अतिशय सावकाश खाली येतात. काही प्रयोगशाळांत अल्युमिनियमचा सेल, म्हणजे हीटरसकट मूस, वापर नसतानाही वितळलेलाच ठेवतात. विजेचं बिल परवडतं, मूस परवडत नाही.

अल्युमिनियमवर एवढी जागा खर्च केली, कारण त्यातून निवडीचा जो क्रम हाती येतो तो सगळ्या पदार्थांना लागू पडतो. मूस चार्जशी तापलेल्या अवस्थेत कशी वागते, निवताना कशी वागते, आणि बाहेर काढल्यावर हवेत तिचं काय होतं. कोष्टकांत पहिल्याच प्रश्नाचं उत्तर असतं. माझ्या मते मुशींचं जास्त नुकसान दुसऱ्यात होतं, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

भिजण्याबद्दल आणखी एक गोष्ट. चार्जने मूस भिजवलीच नाही तर तेही सोयीचं नसतं. टंगस्टनच्या बोटीत चांदी गोळा होऊन बसते. बोटीला तिचा स्पर्श टेकलेल्या तेवढ्या जागीच, म्हणून उष्णता नीट पोचत नाही आणि गोळी इकडेतिकडे घरंगळते. तारेच्या कॉइलवर तर ती थांबतच नाही. चांदीला मॉलिब्डेनम किंवा टँटलमची खळगा असलेली बोट द्यावी. अशा बोटीत तांबंही बिनतक्रार उडतं. याउलट गॅलियमला न भिजणारी मूस लागते आणि पीबीएन तशी असतेही. पण सेलच्या थंड तोंडाशी गॅलियमचे थेंब जमतात, ते खाली परत पडताना शिंतोडे उडतात, आणि गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरवर लंबगोल दोष उमटतात. मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी करणाऱ्यांनी या दोषांपायी बरीच वर्षं डोकं धरलं, आणि उपायांपैकी एक अगदी साधा निघाला : मुशीचं तोंड तळापेक्षा गरम ठेवायचं. अल्युमिनियमच्या सेलला नेमकं उलटं, तोंड थंड, म्हणजे वर चढणारा धातू वाटेतच गोठावा.

काही पदार्थांची वितळण्याआधीच, थेट घनातून वाफ होते. क्रोमियम त्यातला सगळ्यांत समजूतदार. १९०७ अंशांना वितळणारा हा धातू १४०० लाच पुरेशी वाफ देतो, म्हणून मुशीशी भांडण उद्भवतच नाही; टंगस्टनच्या सळईवर क्रोमियमचा मुलामा देऊन तीच सळई तापवली की काम झालं. काचेवर सोनं धरत नाही, म्हणून आधी क्रोमियमचा पातळ हात देतात, त्याला हे उत्तम. सिलिकॉन मोनॉक्साइड मात्र वांड. तापवल्यावर त्याचे कणच्या कण उडतात आणि थरावर पांढरे ठिपके पडतात. इथे मुशीच्या धातूपेक्षा तिचा आकार महत्त्वाचा ठरतो. ड्रमहेलर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या रचनेत टँटलमच्या डब्यात आडोसे असे बसवलेले असतात की चार्जपासून बाहेर पाहणारी सरळ रेषाच उरत नाही. वाफ भिंतींवर आपटत वळणं घेऊन बाहेर येते. कण वळू शकत नाही, तो आतच अडकतो. कणांचा त्रास देणाऱ्या कुठल्याही भुकटीला ही कल्पना लागू करता येते.

चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवरचं मॅग्नेशियम फ्लोराइडही उडतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा मुशीत नसून ओलीत असतं. मॉलिब्डेनमची बोट, शटर बंद, आणि वितळण्याच्या थोडं खाली थांबून गॅस जाऊ द्यायचा. याबद्दल एवढंच पुरे.

ओलीवरून गरम टंगस्टनची एक जुनी खोड आठवली. दिव्यांवर काम करताना लँगम्युअर यांनी ती उलगडून दाखवली होती. चेंबरमध्ये पाण्याची वाफ उरली असेल तर तापलेला टंगस्टन पाण्यातला ऑक्सिजन घेतो, ऑक्साइड होऊन उडतो आणि भिंतीवर बसतो. तिथे सुटा झालेला हायड्रोजन त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि पुन्हा पाणी तयार होतं. तेच पाणी परत बोटीकडे. चिमूटभर ओल बोटीतला टंगस्टन असा खेपा घालून घालून वाहून नेते. थर विनाकारण करडा दिसत असेल तर चार्जच्या शुद्धतेवर संशय घेण्याआधी चेंबर किती ओला आहे ते तपासावं. दाबून बनवलेल्या साध्या बोरॉन नायट्राइडच्या मुशीत बोरिक ऑक्साइडचा बाइंडर असतो, तोही ओल धरतो. अशी मूस पहिल्या वापराआधी रिकामी तापवून घ्यावी.

इलेक्ट्रॉन बीममध्ये प्रश्न बदलतो. तिथे चार्ज वरून तापतो आणि खालची तांब्याची खोबण पाण्याने थंड केलेली असते. तत्त्वतः मुशीची गरजच नाही; चार्जचा खालचा थर गोठलेला राहतो आणि तोच आपली मूस होतो. सिलिकॉन आणि टायटॅनियम, ज्यांना जवळपास कुठलीच मूस मानवत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. पण उष्णतेचा मोठा भाग पाण्यात जातो. मधे लायनर घातला की तीच वाफ बऱ्याच कमी पॉवरमध्ये मिळते. लायनर खोबणीत नीट टेकलेला हवा, तळाशी जुन्या धातूचा कण राहता कामा नये, आणि चार्ज कधीही काठोकाठ भरू नये. वितळलेला धातू काठावरून ओघळून तांब्याला लागला की उष्णतेला आडवाट मिळते. वेग एकदम पडतो, ऑपरेटर पॉवर वाढवतो, आणि लायनर तडकतो. सोन्यासाठी ग्रॅफाइटचा लायनर सर्रास वापरतात. त्यातून सुटलेले कार्बनचे कण सोन्यावर तरंगतात, बीम त्यांच्यावर पडला की ते चार्जपेक्षा जास्त तापतात आणि सोनं उडतं. त्यावर चार्जमध्ये टँटलमचा छोटा तुकडा टाकण्याचा तोडगा आहे : तो कार्बन धरून ठेवतो. बोट म्हणून सोन्याशी जमवून न घेणारा टँटलम इथे लहान मात्रेत कामी येतो, हे मला या विषयातलं एक रंजक वळण वाटतं.

सेंद्रिय पदार्थांची गोष्ट सगळ्यात वेगळी. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये ज्या पदार्थांपासून प्रकाश देणारं पातळ थरांचं उपकरण केलं, ते २००-३०० अंशांच्या घरात उडतात. क्वार्ट्झची किंवा अल्युमिनाची कुठलीही मूस हे तापमान हसत सोसते. अडचण अशी की निर्वातात भुकटी उष्णता जवळपास वाहूनच नेत नाही. भिंतीला लागलेली भुकटी करपते तेव्हा मधली थंडच असते. तिथे मूस उंच आणि अरुंद घेऊन, मंद आणि सर्व बाजूंनी सारखं तापवणं यालाच निवड म्हणायचं. धातूंवर हात बसलेल्यांना इथे सगळं नव्याने शिकावं लागतं.

पुढच्या प्रकरणांत पदार्थवार तपशील आहेत. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दिलेली तापमानं चार्जची आहेत. टोपलीत बसवलेल्या मुशीच्या बाबतीत हीटरची तार त्याहून काहीशे अंश जास्त तापलेली असते, आणि तारेचा विचार त्या तापमानाला करायचा. दोन, जिथे एकाहून जास्त मुशी सुचवल्या आहेत तिथे पहिलं नाव सर्वांत शुद्ध थर देणाऱ्या मुशीचं आहे, सर्वांत टिकाऊ मुशीचं नव्हे. रिफ्लेक्टर करणाऱ्याने क्रम उलटा वाचला तरी चालेल. एका मुशीत एकच पदार्थ, आणि तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं, हा नियम मात्र सगळ्यांना सारखा.

जुन्या कोष्टकांत बेरिलिया आणि थोरिया ही नावं वारंवार भेटतील, आणि तांत्रिकदृष्ट्या ती शिफारस खोटी नव्हती. बेरिलिया तर उष्णता वाहून नेण्यात इतर बहुतेक सिरॅमिकना मागे टाकतं. पण बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर बरा न होणारा आजार जडतो, आणि थोरिया किरणोत्सारी आहे. या पुस्तिकेत त्या दोन्ही नावांपुढचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे. एखाद्या जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटात लेबल पुसट झालेली पांढरी मूस सापडली, तर ती अल्युमिनाचीच असणार असं धरून वापरायला काढू नका. तिला घासू नका, कापू नका, तडा गेलेला असेल तर तुकडे झाडूने गोळा करू नका. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करा, वर संशय लिहा आणि संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या.